उमेदवारी की पदवी? : दहावीनंतरच्या एका निर्णयाचा जमाखर्च

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यासाठी योजलेल्या मार्गदर्शन सभेतील भाषण)



‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीपुरता उरल्यासारखा झाला आहे. वस्तुतः उमेद म्हणजे आशा, आणि पुढे काही पदरात पडेल या आशेने जाणत्या माणसाच्या हाताखाली राबतो तो उमेदवार. जुन्या पेढ्यांत, छापखान्यांत, वकिलांच्या कचेऱ्यांत ‘उमेदवारी करणे’ हाच शब्द रूढ होता. १९६१ साली संसदेने यासंबंधीचा कायदा केला. त्याच्या मराठी परिभाषेत हा जुना शब्द टिकला आणि कारखान्यात शिकणारा मुलगा ‘शिकाऊ उमेदवार’ झाला. योगायोग असा की त्याच १९६१ साली महाड येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. एका वर्षात दोन दारे उघडली. त्यांपैकी कोणते ओलांडावे, हा प्रश्न तेव्हापासून महाड व पोलादपूर तालुक्यांतील घराघरांत दर जून महिन्यात विचारला जातो. पुष्कळदा तो नीट विचारला जात नाही, आणि आजच्या भाषणाचे प्रयोजन तेच आहे.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे चढणाऱ्या रस्त्यावरील एखादी वाडी डोळ्यांसमोर आणावी. भात-नाचणीची थोडी शेती, एक काका मुंबईस चाकरमानी, घरात दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा. गुण मध्यम, धड अभिमानाने सांगावेत असे नाहीत आणि लपवावेत असेही नाहीत. त्याच्यापुढे दोन अर्ज आहेत. एक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, ज्याला सारे आय.टी.आय. म्हणतात, दुसरा अकरावीचा. मुंबईचे काका म्हणतात, पदवी हवीच. शेजारी म्हणतो, बिरवाडीजवळच्या कारखान्यांत फिटरला मागणी आहे. आईला मुलगा संध्याकाळच्या एस.टी.ने घरी परतावा एवढेच हवे आहे. वडील काही बोलत नाहीत, कारण खर्च त्यांना करावयाचा आहे. हे घर कोणा एकाचे नव्हे. या सभागृहात बसलेल्या अनेकांनी त्यात स्वतःचे घर ओळखले असेल.

या घराला सल्ला देणारे बहुधा दोन टोकांचे असतात. व्यापारी वर्गातील माणसे पहिल्या टोकाची. त्यांच्या मते खरी शाळा पेढीवर भरते, आणि या म्हणण्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. महाडच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांतून ही उमेदवारी पिढ्यान् पिढ्या चालत आली. पहिले वर्षभर मुलाच्या हाती गज येत नसे. सकाळी गादी झटकावी, गिऱ्हाइकाने उलगडून टाकलेली ठाणे पुन्हा घडी घालून थप्पीस लावावीत, आलेल्यास पाणी द्यावे, एवढेच काम. परंतु घडी घालता घालता पन्ना किती, वीण घट्ट की विरळ, हे डोळ्यांआधी बोटांना समजू लागे. कापड दोन बोटांत चुरडून त्यात खळ किती आणि सूत किती, पहिल्या धुण्यानंतर हातात काय उरेल, हे जो सांगू शके त्याच्याकडे मग गज येई. लग्नाचा बस्ता बांधावयास माणसे आली की शालू कोण पाहते याकडे लक्ष न देता, पाहून झाल्यावर नजर कोणाकडे वळते याकडे लक्ष द्यावयाचे. निर्णय तेथे होत असतो. शेवटी दिवाणजींच्या शेजारी बसून कीर्द-खतावणी. उधारी कोणाची चालू ठेवावी आणि कोणाची हळूच थांबवावी, हे कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नसते. पगार म्हणाल तर आरंभी दोन वेळचा चहा आणि दिवाळीला कपड्यांचा एक जोड!

हे शिक्षण पक्के होते. पण ते कोणासाठी पक्के होते, हेही पाहिले पाहिजे. ज्याला पुढे दुकान मिळावयाचे होते, त्या मालकपुत्राची ती पाच-सात वर्षे गुंतवणूक ठरली. त्याच गादीवर, तीच ठाणी आवरीत, तितकीच वर्षे घालविलेला दुसऱ्या घरचा मुलगा चाळिसाव्या वर्षी जाणता गुमास्ता झाला, आणि बहुतेक वेळा तेथेच थांबला. शिक्षण एकच होते, मुद्दल मात्र एकाच्याच पाठीशी होते. व्यापाऱ्याने ‘महाविद्यालयात काय ठेवले आहे’ असे कोणास सांगण्यापूर्वी ही नोंद वाचावी.

शिवाय पेढीवरची विद्याही घसाऱ्यातून सुटत नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी घसारा यंत्राचा काढावयास शिकतो. तो हातातील कसबाचाही असतो. १९५७ साली आणे-पैचे नवे पैसे झाले, पुढे थोड्याच वर्षांत वाराचा मीटर झाला, तेव्हा जुन्या दिवाणजींनी कोष्टके पाठ करून वेळ निभावली. परंतु १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा केवळ पाठांतराने भागले नाही. कापडावर त्यापूर्वी राज्याचा विक्रीकर नव्हता, एके काळी त्याऐवजी केंद्राचे अतिरिक्त उत्पादन शुल्क गिरणीच्या दाराशीच वसूल होई. त्यामुळे कापडाच्या किरकोळ दुकानदाराला विवरणपत्र भरण्याची सवयच नव्हती. पाच टक्के कर, खरेदीवरील कराची वजावट, संगणकावरील नोंदी हे सारे एकदम पुढ्यात आले. त्या जुलैत अनेक पेढ्यांवर, आजवर ‘नुसता बी.कॉम.’ म्हणून बाजूस बसविलेल्या मुलाची खुर्ची दिवाणजींच्या शेजारी आली.

दुसरा दाखला याहून कडू आहे. कोकणातील हजारो मुलगे मुंबईच्या गिरण्यांत असेच उमेदवार म्हणून शिरले. काकाने किंवा मामाने शब्द टाकावयाचा, पुतण्याने बदली कामगार म्हणून उभे राहावयाचे, शेजारच्या मागावरील जाणत्याकडे पाहत पाहत सूत सांधावयास शिकावयाचे. गिरणगावातील गाळ्यात रात्री पथारी टाकावयाची आणि गणपतीला गावी यावयाचे. त्यांनी विणलेले पॉपलीन आणि मांजरपाट महाडच्या दुकानांत विकले जाई. ते काम सोपे नव्हते. पण १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर एकेक गिरणी कायमची बंद होत गेली. हात तेच राहिले, पण ज्या मागावर ते चालत तो माग उरला नाही. एकाच धंद्यातील, एकाच यंत्रावरील कसब शिकणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घेतलाच पाहिजे, कारण महाडच्या औद्योगिक क्षेत्रातही कारखाने प्रामुख्याने एकाच जातीचे, रसायनांचे आहेत.

महाडमध्ये बोलताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला ज्यांनी हात लावला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांत शिकून आलेले होते, आणि त्याआधी मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकही होते. ज्या समाजांना जन्माबरोबरच धंदा नेमून दिला गेला होता, त्यांना ‘बापाचा धंदा शीक’ हा सल्ला नव्हता, शिक्षा होती. त्यांच्यासाठी विद्यापीठ हीच सुटकेची वाट ठरली. तेव्हा उमेदवारीचा गौरव करताना हे विसरून चालणार नाही की आपल्या आवडीने धंदा शिकणे वेगळे आणि दुसरे दार बंद असल्यामुळे धंद्यात ढकलले जाणे वेगळे.

अशा सभांतून सेठ वालचंद हिराचंद यांचे नाव हटकून निघते. सोलापूरच्या जैन कुटुंबातील वालचंद यांनी पदवीचे शिक्षण अर्धवट सोडले, लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची ठेकेदारी केली आणि पुढे जहाजे, विमाने व मोटारी या तिन्ही उद्योगांचा पाया घातला, हे सारे खरे आहे. मात्र त्यांच्यामागे घरची पेढी होती, हेही खरे आहे. दुसरे नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. पदवी नसताना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक, मग बेळगावात सायकलींचे दुकान, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. त्यांचे उदाहरण देणारे एक गोष्ट सांगावयाची विसरतात. याच लक्ष्मणरावांनी आपला मुलगा शंतनुराव यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकावयास धाडले आणि १९२६ मध्ये तो तेथील पदवीधर झाला. ज्याने स्वतः नांगर घडविला त्याला मुलासाठी विद्यापीठ कमी वाटले नाही!

किर्लोस्करांचे तेच नांगर खपविण्याचे काम काही काळ कुंभोजच्या एका जैन तरुणाने केले. मॅट्रिकची पायरी त्याला चढता आली नव्हती. १९१९ साली त्याने रयत शिक्षण संस्था स्थापन केली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत मुले शेतात राबत आणि रात्री अभ्यास करीत. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना साताऱ्याच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचली. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट्. दिली. हात आणि पुस्तक यांच्यात निवड करावयाची असते, हेच त्यांना मान्य नव्हते. परंतु कर्मवीरांनी वसतिगृहे उभी केली होती, आणि पोलादपूरच्या त्या वाडीतील घराजवळ तसे वसतिगृह नाही. त्या घराला या जून महिन्यात एक अर्ज भरावयाचाच आहे. म्हणून आता थोडा हिशेब.

आय.टी.आय.मध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एका वर्षाचा. फिटरच्या मुलाचे पहिले आठवडे कानशीने लोखंडाचा तुकडा काटकोनात आणण्यात जातात. अनेकजण तेथेच कंटाळतात. जो कंटाळत नाही त्याला पुढे व्हर्निअरवर मिलिमीटरचा अंश दिसू लागतो. हे पुष्कळसे पेढीवरच्या घडी घालण्यासारखेच आहे. त्यानंतर सामान्यतः एक वर्ष कारखान्यात किंवा एस.टी.सारख्या महामंडळात शिकाऊ उमेदवारी. रासायनिक कारखान्यांसाठी ‘अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लान्ट)’ हा वेगळा व्यवसाय आहे. मुले त्यास ए.ओ.सी.पी. म्हणतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन पात्रतेनुसार दरमहा ५ ते ९ हजार रुपये ठरविले, त्यांत आय.टी.आय. झालेल्यास ७ हजार.

आता दुसरी बाजू. अनेकांची समजूत अशी की आय.टी.आय.ला गेलेला मुलगा विद्यापीठाला कायमचा मुकला. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी कित्येक घरांत भलताच निर्णय होतो. दोन वर्षांचा आय.टी.आय. अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदविका मिळविलेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मोजून पाहावे. दहावी, अकरावी-बारावीची दोन वर्षे, अभियांत्रिकीची चार, एकूण सहा. आय.टी.आय.ची दोन, पदविकेची उरलेली दोन, पदवीची उरलेली तीन, एकूण सात. जागा मिळत गेल्या तर फरक एका वर्षाचा. आणि तो मुलगा ज्या दिवशी अभियंता होतो त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बसविलेला असतो. १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेऱ्यास, महाडहून तासाभराच्या आत आहे. अभियांत्रिकी नको असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी करीत तेथून पदवी घेता येते आणि तलाठ्यापासून राज्यसेवेपर्यंतच्या ज्या परीक्षांना पदवी लागते त्यांना बसता येते.

याच्या उलट वाट मात्र अरुंद आहे. विज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलाने एकविसाव्या वर्षी कानस हाती धरू नये असे कोठे लिहिलेले नाही, पण तो सहसा धरीत नाही. आणि ज्याला धरावी लागते त्याची गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. काही तेलशुद्धीकरण कारखान्यांत ए.ओ.सी.पी.च्याच उमेदवारीसाठी बी.एस्सी. पदवीधरांची निवड होते. पाच वर्षांनंतर तो तेथेच शिकाऊ म्हणून उभा राहतो. हे वाईट मुळीच नव्हे; रसायनशास्त्र समजून प्लान्टवर उभा राहणारा मुलगा पुढे जाण्याची शक्यता अधिक असते. पण ही पाच वर्षे घरच्यांनी पोसली आहेत, हे खाते ज्याच्या नावावर आहे त्याला ते आधी माहीत असावे.

उमेदवारीच्या मार्गावर खड्डेही आहेत आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नव्हे. कारखान्याने त्याला पुढे नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन नाही. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते इतकेच की अन्य बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवारास प्राधान्य द्यावे. तेव्हा ‘अप्रेंटिस लागला’ म्हणजे ‘नोकरीस लागला’ असे समजून कोणी मुलीकडच्यांशी बोलणी सुरू करू नयेत! दुसरे असे की कराराची रीतसर नोंद झाली आहे काय, हे पालकांनी पहिल्याच आठवड्यात विचारावे. कंत्राटदारामार्फत ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेला मुलगा आणि नोंदलेल्या कराराचा शिकाऊ उमेदवार एकाच गणवेशात दिसतात. पण एकाला वर्षाअखेर परीक्षा व राष्ट्रीय प्रमाणपत्र असते, त्याला इजा झाल्यास भरपाईचे दायित्व मालकावर असते, कारखान्यांविषयीच्या कायद्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू असतात. दुसऱ्याच्या हाती वर्षभरानंतर बहुधा एक शिफारसपत्र.

सुरक्षिततेचा शब्द येथे सहज आलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर एखादी आई ‘महाविद्यालयातच जा’ म्हणत असेल तर तिला अडाणी म्हणू नये. धोकादायक उद्योगांशी निगडित व्यवसायांत उमेदवारीसाठी कायद्याने वयाची अट चौदाऐवजी अठरा ठेवली आहे. सोळाव्या वर्षी ‘शिकण्यासाठी’ म्हणून कोणी प्लान्टवर बोलावीत असेल तर तेथे मुलास पाठवू नये, मग बोलावणारा कितीही ओळखीचा असो.

एवढा हिशेब मांडल्यावर कोणी विचारील, मग मोठे काय? त्याचे उत्तर महाडच्या बाजारपेठेने २२ जुलै २०२१ नंतरच्या पंधरवड्यात पाहिले. सावित्री आणि गांधारीचे पाणी रात्रीत दुकानांत शिरले. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनीही माल तेवढ्या उंचीपर्यंतच वर चढविला होता, आणि पाणी त्याहून वर आले. ओसरले तेव्हा ठाणांच्या थप्प्या चिखलाच्या भिंती होऊन उभ्या होत्या. नवे लुगडे आणि जुने पोते ओळखू येत नव्हते. त्या पहिल्या दिवसांत बाजारात सर्वांत मोलाचा माणूस होता इलेक्ट्रिशियन. मीटरपेटी उघडून वीज घेण्याजोगी आहे काय हे सांगणारा, पाण्याच्या पंपाची मोटार उलगडून वाळवणारा, जनित्र सुरू करून देणारा. ज्यांच्याकडे एरवी कोणी ‘बसा’ म्हणून पाहिले नसते अशा पोरांची दुकानदार उंबरठ्यावर उभे राहून वाट पाहत होते. मग दिवस सरले, आणि पंचनामे व विम्याचे दावे सुरू झाले. भिजलेल्या वह्यांवरून साठा सिद्ध करावयाचा, खरेदीची बिले संगणकावरून पुन्हा काढावयाची, सर्वेक्षकाच्या प्रश्नास त्याच्याच भाषेत उत्तर द्यावयाचे. आता वाट पाहणे सुरू झाले ते वाणिज्य पदवीधराचे. ज्या दुकानाला दोघेही वेळेवर मिळाले ते दिवाळीपूर्वी उभे राहिले.

त्या वाडीतील मुलास म्हणून इतकेच विचारावे की अकरावीचा अर्ज तो का भरतो आहे. एखादा विषय आवडतो म्हणून, पुढची अमुक परीक्षा द्यावयाची म्हणून, शिक्षक व्हावयाचे म्हणून, असे कोणतेही उत्तर आले तर वडिलांनी काटकसर करून त्याला शिकवावे. पोलादपूरचे सुंदरराव मोरे महाविद्यालय आणि महाडचे आंबेडकर महाविद्यालय ही दोन्ही दारे जवळ आहेत. पण ‘सगळे मित्र जातात’, ‘तीन वर्षांत काय ते ठरवू’ असे उत्तर आले, तर ती पदवी निर्णय पुढे ढकलण्याची सोय आहे, आणि ती सोय गरीब घराला फार महाग पडते. हाच प्रश्न आय.टी.आय.च्या अर्जालाही लावावा. ‘गुण कमी पडले’ हे फिटर होण्याचे कारण नव्हे. कमी गुणांची शिक्षा म्हणून यंत्रापुढे उभा केलेला मुलगा यंत्राशी वैर धरतो.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. या डोंगराळ भागात मुलगी शिकते आहे हे तिचे लग्न दोन-चार वर्षे पुढे जाण्याचे पुष्कळदा एकमेव कारण असते. त्या वर्षांची किंमत विद्यावेतनात मोजता येत नाही. बारावीपर्यंत तिला एस.टी.चा पास मोफत असतो, बारावीनंतर तो थांबतो, आणि पास थांबला की अनेकींचे शिक्षण थांबते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे भाडे झाले. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. शुल्क माफ झाले, पण खोलीचे भाडे आणि खानावळ माफ झालेली नाही. प्रयोगशाळा साहाय्यकाचा किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय शिकू इच्छिणाऱ्या मुलीला तर ‘ते मुलांचे’ एवढ्या दोन शब्दांत बाजूस सारले जाते.

शेवटी सामाजिक संस्थांविषयी दोन शब्द, आणि सुवर्णमहोत्सवी वर्षात ते बोलण्यास हरकत नसावी. समाजातील बहुतेक विश्वस्त निधींचे शिष्यवृत्तीचे अर्ज पाहिले तर ‘अभ्यासक्रम’ या रकान्यात पदवीची नावे छापलेली असतात. वैद्यकीय, अभियांत्रिकी, वाणिज्य आणि सी.ए. असतात, वेल्डर नसतो, ए.ओ.सी.पी. नसतो. गुणगौरव समारंभात नव्वद टक्क्यांच्या मुलाला शाल आणि श्रीफळ मिळते, आणि फिटरच्या परीक्षेत संस्थेत पहिला आलेला मुलगा श्रोत्यांत मागच्या रांगेत बसतो, कारण त्याच्या गुणपत्रिकेचे काय करावे हे कोणास ठाऊक नसते. मग त्या मुलाच्या वडिलांनी अकरावीचा अर्ज भरला तर दोष त्यांना कसा द्यावा? देणग्या कमी पडतात ही अडचण खरी आहे, पण येथे फार रकमेचा प्रश्न नाही. हत्यारांची एक पेटी, सुरक्षा बूट, पहिले विद्यावेतन हाती येईपर्यंत दोन महिन्यांचे खोलीभाडे आणि मुलीसाठी बारावीनंतरचा एस.टी.चा पास, इतक्याने एखादा निर्णय बदलू शकतो. पुढील वर्षाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज छापावयास जातील तेव्हा त्या रकान्यात आणखी एक ओळ वाढवावी, आणि आय.टी.आय.चे निकाल लागल्यावरच गुणगौरवाची तारीख निश्चित करावी, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.